पेरलेलं आणि न पेरलेलं गवत

वर्धा जिल्ह्यातला माणूस आयुष्यभर गवतातून चालतो. धुऱ्यावर, पांदणीला, नाल्याच्या काठाने, बोर धरणाच्या वाटेवर, सेवाग्रामच्या रेल्वे रुळांच्या कडेने, सगळीकडे गवतच असतं. पण नावं विचारली तर चारावर गाडी अडते: हरळी, लव्हाळा, कुंदा, कुसळी. ही चारही नावं निंदणाच्या वैतागातून आलेली आहेत. शिवाय लव्हाळा तर गवत नव्हेच. त्याचा दांडा बोटांत फिरवून पाहावा, तिधारी लागतो आणि त्याला पेरं नसतात. गवताची काडी पेरांची असते. इतकी साधी खूणही शाळेत कुणी दाखवत नाही. साग, पळस, मोह, चारोळी ही झाडं चौथीतलं पोर ओळखतं, आणि ज्या वनस्पतीवर गाव, गाय आणि भाकर उभी आहे ती मात्र सगळ्यांसाठी नुसतं ‘गवत’ असते. जिल्ह्यातल्या गवतांची ओळख करून देणाऱ्या या पुस्तकाची गरज इथून सुरू होते.

प्रस्तावनेत मला एकच गोष्ट नीट मांडायची आहे. या जिल्ह्यात दोन गवताळ प्रदेश होते. एक बरडावर, टेकड्यांच्या उतारावर आणि गावाच्या चराईच्या जागेवर आपोआप उगवणारा. दुसरा काळ्या वावरात माणसाने पेरलेला, म्हणजे ज्वारीचा. या दोघांच्या मधल्या धुऱ्यावर हजारो लहान जीव इकडून तिकडे जात-येत जगत होते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हे दोन्ही प्रदेश बरोबरच आटले. वाघ कमी झाले तेव्हा बातमी झाली. हे घडलं तेव्हा झाली नाही.

ज्वारीला गवत म्हटलेलं शेतकऱ्याला चमत्कारिक वाटेल. पण वनस्पतिशास्त्रात ज्वारी, ऊस, मका यांचा जो गट आहे, त्याच गटात पवन्या, मारवेल, कुसळी, तिखाडी, वाळा, कांस, मुशान आणि शेतकऱ्याचा जुना वैरी कुंदा ही सगळी येतात. बरडावरच्या चांगल्या गवतांपैकी बहुतेक ज्वारीची जवळची भावकी आहेत. त्यांची उन्हाशी वागण्याची रीतही एकच आहे. कडक उन्हात, थोड्या पाण्यावर अन्न तयार करण्याची खास सोय त्यांच्या पानांत असते. म्हणून एप्रिल-मे मध्ये वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा ती वरून मरतात, खालून जिवंत राहतात आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर आठवडाभरात हिरवी होतात. वाढीचा डोळा जमिनीलगत असल्यामुळे गाईने शेंडा खाल्ला, विळ्याने कापला किंवा वणव्याने जाळला तरी बुंध्यातून नवा फुटवा येतो. झाडाची फांदी तोडली की वाढ खुंटते. गवत मात्र चरण्याशी जुळवून घेतच घडलं आहे.

हे जुळवून घेणं किती जुनं आहे, याचा जगातला एक फार मोठा पुरावा आपल्या शेजारीच सापडला. वर्धा जिल्ह्याची दक्षिणेची शीव ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातला वरोरा तालुका लागतो. तिथल्या पिसदुरा गावाच्या शिवारात डायनासोरची हाडं आणि दगड झालेली विष्ठा मिळते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, त्यांच्यासोबत कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि इतर अभ्यासकांनी त्या विष्ठेत गवताच्या पेशींतले वाळूसारखे सूक्ष्म कण शोधले आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते मांडले. तोपर्यंत समज असा होता की डायनासोर संपले आणि त्यानंतर बऱ्याच काळाने गवत आलं. पिसदुऱ्याच्या दगडांनी सांगितलं की साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहू लागला त्या सुमाराला, इथले अजस्र प्राणी गवत खात होते. त्यात भाताच्या दूरच्या नातेवाइकांच्या खुणाही होत्या. त्याच लाव्ह्याचा पुढे काळा दगड झाला, दगडाची काळी माती झाली, आणि त्या मातीत आपण पऱ्हाटी आणि तूर लावतो. इथे गवत नांगराच्या कितीतरी आधीचं आहे, हे एवढ्यावरून कळावं.

आता बरडावर येऊ. पी. एम. दाबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी देशभरातल्या गवताळ भागांची पाहणी करून १९७३ साली भारताच्या गवतांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी मध्य भारत आणि दख्खनच्या पठारी पट्ट्याला पवन्या आणि मारवेल या दोन गवतांच्या जातींचं नाव दिलं. वर्धा त्या पट्ट्यात मध्यावरच आहे. पवन्या मुरमाड उतारावर येतो. त्याच्या काडीच्या टोकाला एकच तुरा असतो आणि प्रत्येक दाण्याच्या टरफलावर ठसठशीत शिरा दिसतात. मारवेल काळ्या, जरा ओल धरणाऱ्या जमिनीचा. त्याच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं आणि तुरा बोटांसारखा फुटलेला असतो. दोन्ही गुरांची आवडती. तिखाडी ओळखायला पान चुरगळावं, गुलाबाकडे झुकणारा उग्र वास येतो. तिच्यापासून रोशाचं तेल काढतात. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चराई वाढली की बाकीची गवतं जातात आणि तिखाडी उरते.

हे शेवटचं वाक्य या पुस्तकाच्या वाचकाने जपून ठेवावं, कारण गवत ओळखता आलं की जमिनीचा इतिहास वाचता येतो. चराई बेताची असेल तिथे पवन्याचे दाट ठोंब दिसतात. चराई वाढली की पवन्या मागे हटतो आणि कुसळी पुढे येते. आणखी वाढली की बहुवर्षी गवतं जवळजवळ संपतात; तीन कुसळांचं बारीक, एका पावसाचं गवत पसरतं, जे दिवाळीपर्यंत वाळून उडून जातं. त्याच्याही पुढे तरोटा, रानतुळस, रायमुनिया आणि गाजर गवत. यातलं शेवटचं नावाचंच गवत आहे. सूर्यफुलाच्या कुळातली ती परदेशी वनस्पती १९५० च्या दशकात पुण्याजवळ प्रथम नजरेत आली आणि मग देशभर पसरली. गावाच्या चराईच्या जागेवर उभं राहून पायाखाली काय आहे ते सांगता आलं, तर ती जागा गेल्या वीस वर्षांत कशी वापरली गेली हे तलाठ्याला विचारावं लागत नाही.

कुसळीवर थोडं थांबतो, कारण तिच्यावर अन्याय होतो. धोतराला, साडीला, मेंढीच्या लोकरीला तिची कुसळं चिकटतात, जनावराच्या तोंडात रुततात, म्हणून तिला सगळे शिव्या देतात. पण तिच्या दाण्याची रचना पाहावी. टोक सुईसारखं, त्यावर उलट्या दिशेचे ताठ केस आणि मागे लांब, पीळ असलेलं कुसळ. हवेत ओल आली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. दिवस-रात्रीच्या या ओल-वाळीत कुसळ आपोआप गरगरतं आणि दाणा स्क्रूसारखा जमिनीत उतरतो. उलटे केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. उन्हाळ्यात बरडावर वणवा लागतो तेव्हा वरचं सगळं जळतं आणि मातीत उतरलेला हा दाणा वाचतो. तळहातावर एक कुसळ ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाका, ते फिरताना दिसेल. प्रत्येक शाळेने जुलैत धडा शिकवावा आणि ऑक्टोबरात हा प्रयोग करून दाखवावा, इतका तो सोपा आणि थक्क करणारा आहे. आणि एक व्यवहाराची गोष्ट: तुरा येण्याआधी कापली तर कुसळीची वैरण चांगली होते. आपण कापतो ती दाणे झडल्यावर, काडी कोरडी झाल्यावर. दोष कापण्याच्या वेळेचा असतो आणि शिवी गवताला मिळते.

या गवतांत राहणाऱ्यांची यादी कुणालाच पूर्ण करता येणार नाही. मृगाच्या पहिल्या पावसानंतर मखमली लाल मृगाचे किडे मातीवर येतात आणि काही दिवसांत दिसेनासे होतात. वाळवी वाळलेलं गवत जमिनीत ओढून नेते. शेणकिडे गाईचा पो एका-दोन दिवसांत गोळ्या करून पुरतात आणि त्याच कामात जमीन भुसभुशीत होते. गुरांना दिलेल्या जंतनाशकांपैकी काहींचा अंश शेणात उतरला की हेच किडे मरतात. मग पो तसाच पडून वाळतो. नाकतोडे गवत खातात, आणि नाकतोड्यांना निम्मं शिवार खातं: सरडे, सापसुरळ्या, कोळी, बगळे, वेडा राघू आणि नीलपंख. २०१८ साली वर्धा शहराने नागरिकांच्या मतदानातून आपला शहरपक्षी निवडला, तो नीलपंख. हा पक्षी तारेवर बसून खालच्या उघड्या, गवताळ जमिनीवर नजर ठेवतो आणि नाकतोडा दिसला की झेपावतो. वर्धेकरांनी त्याला मत दिलं याचा मला मनापासून आनंद आहे, कारण नकळत त्यांनी नाकतोड्याला आणि नाकतोड्याच्या गवतालाही मत दिलं.

थंडीत मध्य आशियातून भोवत्या येतात. हे सडपातळ शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून, पंख थोडे वर उचलून तरंगत जातात आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवर झोपतात. झाडाचं रान त्यांच्या उपयोगाचं नाही. चंडोल, लावा, धाविक यांची घरटी तर थेट जमिनीवर असतात. वरोरा-भद्रावतीच्या भागात माळढोक शेतांमध्ये फिरताना दिसत असे. पश्चिमेला अकोला-वाशीमच्या गवताळ पट्ट्यात पावसाळ्यात तणमोराच्या उड्या पाहिल्या गेल्या आहेत. वर्ध्याचा बरड या दोन्हींच्या मधला दुवा आहे.

या पाखरांपैकी बऱ्याच जणांना बरड आणि ज्वारीचं वावर यांत मोठा फरक वाटत नसे. उंच, पेरांचं, दाण्यांनी भरलेलं गवत, एवढंच त्यांना हवं असतं. सुगरण घरटं विणायला गवताच्या आणि ज्वारीच्या पानांच्या चिंध्या काढते. ती कणसावर बसते म्हणून गोफण फिरते, पण पिलांना ती अळ्या आणि किडे भरवते. ज्वारीचं फूल मध्यरात्रीनंतर उमलू लागतं; पराग वाऱ्याने जातो, तरी सकाळी मधमाश्या कणसांवर गोळा होतात, कारण त्या दिवसांत इतका पराग दुसरीकडे मिळत नाही. वावरात सावलीला लावे, ससे आणि मुंग्यांच्या रांगा. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या, थंडीत हुरडा, रोज भाकर, आजारी माणसाला कण्या किंवा आंबील, आणि जनावरांना वर्षभर कडबा. धान्य माणसाचं, काडी गुरांची, सांडलेलं पाखरांचं. अशी वाटणी करणारं दुसरं पीक या मातीत आलेलं नाही.

ज्वारी गेली ती एका कारणाने गेली नाही. १९६४ साली देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. उत्पन्न वाढलं, पण ताट बुटकं झाल्याने कडबा घटला, आणि हा लवकर निसवणारा दाणा परतीच्या पावसात सापडून काळा पडू लागला. काळ्या ज्वारीला बाजारात भाव मिळेना. नव्वदच्या दशकात सोयाबीन पसरलं. रोख पैसा, साडेतीन महिन्यांत मोकळं वावर. बैल कमी झाले तसं कडब्याचं मोलही उतरलं. रेशनच्या गहू-तांदळाने भाकरीची सवय मोडली. शेवटचं कारण सगळ्यात निर्दय आहे. शिवारात पन्नास वावरं ज्वारीची असतात तेव्हा पाखरांचा आणि रोह्यांचा वाटा सगळ्यांत पसरतो. दोनच उरली की अख्ख्या शिवारातली पाखरं, रोही आणि रानडुकरं त्या दोघांवर तुटून पडतात. ज्याने हौसेने ज्वारी पेरली त्याच्या हाती रिकामी कणसं येतात आणि पुढच्या वर्षी तोही सोयाबीनकडे वळतो. अशा शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचं म्हणून साजरं झालं, ज्वारीचं कौतुक खूप झालं. पण राखणीचा हा प्रश्न एकट्याने सुटणारा नाही. गावाने ठरवून लागून लागून वीस-पंचवीस वावरांत एकत्र पेरली, तरच तो सुटतो.

सोयाबीन आणि पऱ्हाटी ही गवतं नव्हेत. त्यांच्या वावरात सुगरणीला पात मिळत नाही, मनोलीला दाणा मिळत नाही. त्यात आता निंदणाची जागा तणनाशकाने घेतली आहे. निंदणारी बाई केना आणि सावा उपटून गाईसाठी भारा बांधून घरी न्यायची. ते तण वैरण होतं. फवारलेलं तण गाईला घालता येत नाही, आणि फवारा वावरापुरता थांबत नाही, धुराही जळतो. धुऱ्यावरची मजुरी वाचते हे खरं आहे. पण मारवेल, हरळी, सावा यांचा शेवटचा आसरा धुराच आहे, आणि उतारावरची माती धरून ठेवणारी मुळंही त्यांचीच आहेत.

वर्ध्यात गाईचा विचार जितका झाला तितका क्वचितच कुठे झाला असेल. जमनालाल बजाजांनी १९४१ साली इथे गोसेवा संघ काढला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये निधन होईपर्यंत शेवटचे महिने इथल्याच गोपुरीतल्या झोपडीत राहून तेच काम केलं. जिल्ह्याची स्वतःची गाय आहे, गवळाऊ: पांढरी-करडी, सडपातळ, पायाने चपळ. आर्वी, कारंजा, आष्टी या तालुक्यांतल्या नंद गवळी समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या राखली. गोठ्यात बांधून पेंड चारून ही जात टिकत नाही. ती चालणारी गाय आहे, टेकडीचं गवत खाऊन दूध देणारी. गवळाऊ वाचवण्याच्या योजना वीर्य, वळू आणि दुधाच्या लिटरांभोवती फिरतात तेव्हा मला काळजी वाटते, कारण पवन्याचा उतार उरला नाही तर ही गाय कशावर चालणार? कोणतं गवत कधी येतं, कोणत्या टेकडीवर आधी आणि कोणत्या टेकडीवर नंतर न्यायचं, हे गवळ्यांना आणि ढोरक्यांना ठाऊक आहे. या विषयातला खरा जाणकार शोधायचा असेल तर आधी त्यांच्याकडे जावं.

जंगलाच्या कारभारातही हे हळूहळू कळू लागलं आहे. बोर १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. वाघ राखायचा तर चितळ-सांबर हवेत, आणि चितळांना कुरण हवं. मेळघाट आणि ताडोब्यात उठलेल्या गावांच्या जुन्या शेतजमिनींवर स्थानिक गवतांची कुरणं वाढवण्यात आली. चिखलदऱ्याच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्रज्ञ गजानन मुरतकर यांच्यासारख्या माणसांनी त्यासाठी आयुष्य घातलं. व्याघ्र प्रकल्पाच्या आत जे मोल गवताला मिळतं, ते कुंपणाबाहेर अजून मिळालेलं नाही.

कुंपणाबाहेरच्या या जमिनीला पूर्व विदर्भाच्या महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणतात. मध्य प्रांताच्या काळापासून गावांच्या निस्तार पत्रकांत चराईचे हक्क लिहिलेले आहेत आणि अशी बरीच जमीन त्यासाठीच सोडलेली होती. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ती सुमारे ८६ हजार हेक्टर आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वन म्हणूनच धरावी असा निकाल दिला. ती वाटली जाण्यापासून वाचली, हे चांगलं झालं. पण इथून पुढे एक धोका आहे आणि तो मी स्पष्ट लिहितो. वन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाड येतं. मोकळी गवताळ जमीन दिसली की खड्डे खोदायचे, गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावायची, तारेचं कुंपण करायचं आणि गुरं बंद करायची, ही आपली जुनी सवय आहे. सावली वाढली की पवन्या मरतो. चंडोल निघून जातो, भोवत्या उतरत नाही, गवळ्याची वाट तुटते. सरकारी नकाशांत गवताळ माळ ‘पडीक’ रकान्यात टाकले गेल्याने हे सगळं विकासाच्या नावाने घडतं. वनहक्क कायदा २००६ ने चराईचा आणि हंगामी भटकंती करणाऱ्या पशुपालकांचा हक्क मान्य केला आहे. तो हक्क मागताना गवताचं नाव, जागा आणि काळ सांगता आला तर दावा भक्कम होतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालक यांचं म्हणून जाहीर केलं आहे. वर्ध्यापुरतं ते साजरं करायचं असेल तर एका गावाच्या चराईच्या जागेची गवतांची यादी करणं हा उत्तम कार्यक्रम होईल.

हे पुस्तक कसं वापरावं, याबद्दल थोडं. आषाढ-श्रावणात ते घेऊन बाहेर पडू नका, निराशा होईल. सगळी पाती सारखीच दिसतात. गवत तुऱ्यावरून ओळखतात, आणि तुरे भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत येतात. पोळा झाला की सुरुवात करावी. आधी पेर पाहावं, मग पान जिथे काडीला बिलगतं तो सांधा, मग तुरा एकेरी की बोटांसारखा की मोकळा, आणि शेवटी दाण्याला कुसळ आहे का. साधं भिंग पुरतं. वाळवलेला नमुना जुन्या वर्तमानपत्रात ठेवून त्यावर तारीख, शिवार आणि जमीन लिहावी: काळी, बरड की नाल्याकाठची. गावात त्या गवताला काय म्हणतात तेही लिहावं. एका नदीच्या दोन काठांवर नावं बदलतात, म्हणून पुस्तकातल्या नावाशी गावचं नाव जुळलं नाही तर गावचं खोडू नये, दोन्ही ठेवावीत.

आणि शेवटी एक विनंती. तुमच्या ग्रामपंचायतीत चराईच्या जागेवर वृक्षारोपणाचा ठराव आला, तर सही करण्याआधी भाद्रपद-आश्विनात एकदा त्या जागेवर जा, बरोबर गावचा ढोरकी न्या आणि तिथे पवन्या आहे का ते पाहा. असेल तर झाडं रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, नाल्याच्या काठावर लावा आणि ती जागा गवतालाच राहू द्या.